शंकू-साखळी ते उपग्रह : सुरतेच्या जमीनमोजणीची दोन शतके

सुरत जिल्ह्यातील कोणत्याही शेतजमिनीचा सात-बारा उतारा आज 'एनीआरओआर' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. उतारा संगणकीय असला तरी त्यावरील क्षेत्राचा आकडा बहुधा फार जुना असतो. सर्व्हे नंबर असो की जमीन एकत्रीकरणानंतर मिळालेला ब्लॉक नंबर, त्या आकड्याचे मूळ शोधत गेल्यास एकोणिसाव्या शतकात तेहतीस फुटी लोखंडी साखळीने झालेल्या मोजणीपर्यंत पोहोचावे लागते. त्याच जमिनीवर आज उपग्रहाशी जोडलेले यंत्र उभे केले, तर क्षेत्र वेगळे येते आणि कधीकधी हद्दही सरकलेली दिसते. अशा वेळी खरे कोणते मानायचे, जुने टिपण की नवे यंत्र, हा प्रश्न सुरतेपुरता मर्यादित नाही. एक-चौदाचा उतारा हातात घेऊन शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पाहणाऱ्या गोव्यातील जमीनमालकालाही तो तितकाच लागू पडतो.

साखळीपूर्वीची मापे

जमीन मोजून त्यावर सारा बसवण्याची रीत भारतात इंग्रजांच्या पुष्कळ आधीपासून आहे. अकबराच्या काळात दोराऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब वापरात आली. दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो, त्यामुळे एकच शेत दोन ऋतूंत दोन मापांचे भरते, हे त्या बदलामागचे कारण होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली काठीने मोजणी झाली. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर असे ते कोष्टक होते.

सुरतेच्या परिसरातील महाल मराठी कागदपत्रांत 'सुरत अठ्ठाविसी' या नावाने ओळखले जात. पेशवे आणि गायकवाड यांचे हक्क या महालांत विभागलेले होते. प्रत्यक्ष वसुली बरीचशी वतनदार देसायांच्या हाती असे. शेताचे क्षेत्र विघ्यांत सांगितले जाई, पण विघा सर्वत्र सारखा नव्हता. आजही सौराष्ट्रात साधारणपणे १६ गुंठ्यांचा विघा धरतात, तर दक्षिण गुजरातेत तो साडेतेवीस ते चोवीस गुंठ्यांच्या आसपास असतो. एकाच शब्दाने दोन वेगळी क्षेत्रे सांगितली जात असल्याने जमिनीच्या व्यवहारात 'किती विघे' या प्रश्नापाठोपाठ 'कुठला विघा' हेही विचारावे लागते.

शंकू-साखळीची रीत

मुंबई इलाख्यात पद्धतशीर मोजणीचा पाया पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात घातला गेला. त्याआधी प्रिंगल यांनी केलेली जमाबंदी फसली होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून तेथे नव्याने काम सुरू केले. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने या कामाचे नियम निश्चित केले. पुढे हीच पद्धत गुजरातेत गेली आणि १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने तिला कायद्याची चौकट मिळाली.

या मोजणीचे मुख्य साधन म्हणजे ३३ फूट लांबीची साखळी. तिचे १६ भाग पाडलेले असत व प्रत्येक भागाला आणा म्हणत. एक आणा म्हणजे सुमारे दोन फूट पाऊण इंच. साखळीची लांबी ३३ फूटच ठेवण्यामागे सोयीचे गणित होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे बरोबर एक एकर. भूमापकाला शेतात बसून मोठे गुणाकार-भागाकार करावे लागू नयेत, अशी ही रचना होती. सुरतेत आजही प्रचलित असलेल्या 'वार' या मापाशीही तिचा मेळ बसतो. वार म्हणजे व्यवहारात चौरस यार्ड, आणि एक गुंठा बरोबर १२१ वारांचा होतो.

दुसरे साधन काटकोन दाखवणारा शंकू. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मधोमध एक रेषा धरायची, तिच्यावरून साखळी टाकत जायचे आणि हद्दीचा प्रत्येक वळणबिंदू ज्या ठिकाणी रेषेशी काटकोनात येतो तेथून त्या बिंदूपर्यंतचा लंब मोजायचा. अशा रीतीने वेडेवाकडे शेत त्रिकोण आणि समलंब चौकोन यांत विभागले जाई. प्रत्येक आकृतीचे क्षेत्र काढून बेरीज केली की शेताचे क्षेत्र मिळे. ही सारी मापे ज्या कागदावर लिहीत, त्याला टिपण म्हणतात.

टिपण हा प्रमाणात काढलेला नकाशा नव्हे, ती कच्ची आकृती असते. तिचे मोल रेषांत नसून रेषांवर लिहिलेल्या आकड्यांत असते. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही तीच मापे पुन्हा जमिनीवर टाकून हद्द उभी करता येते. त्या वेळी शेताच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड पुरले जात आणि शेजारी-शेजारी शेतांमध्ये मोजणीसाठी पट्टी सोडून बांध राखले जात. मोजणीचे काम शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत चाले. साखळी ओढणारी माणसे बहुधा गावचीच असत.

साखळीचे दोष

या पद्धतीत चुकांच्या जागा अनेक होत्या. साखळीतील कड्या वापराने झिजतात आणि ओढाताणीने उघडतात, त्यामुळे साखळी लांबते. ३३ फुटांच्या साखळीत केवळ दोन इंचांची वाढ झाली, तर लांबीत अर्धा टक्का आणि क्षेत्रफळात एक टक्का फरक पडतो. पाच एकरांचे शेत अशा साखळीने मोजल्यास कागदावर सुमारे दोन गुंठे, म्हणजे २४० हून अधिक वार जमीन कमी लागते. म्हणूनच साखळी ठरावीक मापाशी पुनःपुन्हा ताडून पाहण्याचा नियम होता. तो पाळला गेला की नाही, हे मात्र माणसावर अवलंबून असे.

दुसरी अडचण उताराची. भूमापनात क्षेत्र नेहमी सपाट धरून मोजतात. वीस अंशांच्या उतारावर जमिनीला टेकवून १०० मीटर मोजले, तर सपाटीवरचे खरे अंतर ९४ मीटर असते. तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीत ही चूक नगण्य ठरते. सुरत जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात किंवा सत्तरी-सांगेच्या चढणीवर ती मोठी होते.

तिसरा दोष अधिक खोल आहे. जुने गावनकाशे बहुतांशी अक्षांश-रेखांशांच्या एका समान चौकटीत बांधलेले नव्हते. प्रत्येक गाव स्वतंत्रपणे मोजले गेले. दोन शेजारच्या गावांचे नकाशे एकत्र जोडले, तर शिवेवर कुठे फट राहते, कुठे एक नकाशा दुसऱ्यावर चढतो.

शिवाय इंग्रज सरकारने मोजली ती मुख्यतः सारा देणारी जमीन. गावठाण, ज्याला गुजरातेत गामतळ म्हणतात, त्यातील घरे आणि अंगणे तपशीलवार मोजण्याची महसुलाला गरज वाटली नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा नकाशा असलेला सरकारी कागद ग्रामीण भागातील असंख्य कुटुंबांकडे नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली. तिच्याअंतर्गत ड्रोनने गावठाणांची छायाचित्रे घेऊन नकाशे तयार केले जातात.

बारडोली : माप आणि आकारणी

सुरत जिल्ह्याचे नाव जमीनमहसुलाच्या इतिहासात अजरामर झाले ते बारडोलीमुळे. तेथील प्रसंग भूमापनाच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावा असा आहे. मोजणी आणि आकारणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखळी जमिनीचे क्षेत्र सांगते. त्या जमिनीवर किती सारा बसवायचा, हे मातीची प्रत, पिकांचे भाव, खंडाचे दर अशा माहितीवरून ठरते. ही आकारणी साधारणतः तीस वर्षांसाठी असे.

बारडोली तालुक्याची १८९६ ची आकारणी संपत आली, तेव्हा फेरआकारणीचे काम एम. एस. जयकर या अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी सुमारे ३० टक्के वाढ सुचवली. जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी वेगळ्या मार्गाने जाऊन, मुख्यतः खंडाच्या आकड्यांवर विसंबून, २९ टक्क्यांची शिफारस केली. सरकारने अखेर २२ टक्के वाढ लागू केली. शेताचे क्षेत्र चुकीचे आहे, अशी शेतकऱ्यांची तक्रार नव्हती. अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांची नीट चौकशी न करता, खंडाचे आकडे न पडताळता वाढ ठरवली, हा त्यांचा आक्षेप होता.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी सारा न भरण्याचा ठराव झाला आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्टपर्यंत लढा चालला. जप्त्या झाल्या, गुरे आणि जमिनी लिलावात निघाल्या, तरी शेतकरी हटले नाहीत. तडजोडीनंतर न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूल खात्याचे मॅक्सवेल यांची चौकशी समिती नेमली गेली. त्यांनी गावोगाव फिरून साक्षी घेतल्या, खंडाचे आकडे भरवशाचे नसल्याचे नोंदवले आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आणली. जागेवर जाऊन, संबंधितांना समोर बसवून केलेल्या तपासणीचा आणि कार्यालयात बसून जुळवलेल्या आकड्यांचा फरक या दोन टक्केवारींत स्पष्ट दिसतो.

नवी यंत्रे काय करतात

साखळीनंतर फलकयंत्र म्हणजे प्लेन टेबल आणि थिओडोलाइट ही साधने आली. पहिल्याने नकाशा शेतातच कागदावर उतरू लागला, दुसऱ्याने कोन अचूक मोजता येऊ लागले. आज सर्वाधिक वापर 'ईटीएस' म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनचा होतो. हे यंत्र किरण सोडून अंतर काही मिलिमीटरांच्या फरकाने आणि कोन काही सेकंदांच्या अचूकतेने मोजते. उताराचा हिशेब ते स्वतःच करते.

दुसरे साधन उपग्रहाधारित रोव्हरचे. ठरलेल्या जागी कायम चालू असणाऱ्या संदर्भकेंद्रांकडून दुरुस्तीचे संकेत घेऊन हा रोव्हर कोणत्याही बिंदूचे स्थान काही सेंटीमीटरांच्या आत सांगतो. मोबाइलमधील जीपीएस आणि हा रोव्हर एकच, असा समज अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे. मोबाइलच्या स्थानात काही मीटरांची चूक सहज राहते. मोबाइलवरील नकाशा पाहून कुंपण घालणे म्हणजे तंट्याला आमंत्रण देणे होय.

रोव्हरलाही मर्यादा आहेत. त्याला मोकळे आकाश लागते. सुरतेच्या महिधरपुऱ्यासारख्या दाट वस्तीत, अरुंद गल्ल्यांत आणि उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहांचे संकेत अडतात किंवा भिंतींवरून परावर्तित होऊन येतात व स्थान चुकते. तेथे पुन्हा टोटल स्टेशनच कामी येते. माडांच्या आणि काजूच्या गर्द बागांतही हीच अडचण उद्भवते.

मोठ्या प्रकल्पांसाठी हवाई लायडार पद्धत वापरली जाते. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून लेझर किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा टिपला जातो. ५०८ किलोमीटरांच्या आणि सुरतेतून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेमार्गासाठी हीच पद्धत अवलंबली गेली. नेहमीच्या पद्धतीने ज्या कामास दहा-बारा महिने लागले असते, ते सुमारे १२ आठवड्यांत उरकले.

उंचीच्या मोजणीचे महत्त्व सुरतेइतके क्वचितच कुठे पटेल. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. अशा शहरात कोणती वस्ती तापीच्या पातळीपेक्षा किती उंचावर आहे, हे फुटाफुटाने ठाऊक असावे लागते. पुराने बांध वाहून गेले, दगड गाडले गेले, तरी अक्षांश-रेखांशांत नोंदलेला कोपरा पुन्हा त्याच जागी उभा करता येतो. आधुनिक पद्धतीचा हा सर्वांत मोठा गुण आहे.

पुनर्मोजणीचा अनुभव

इतकी अचूक साधने हाती आल्यावर जुने सारे अभिलेख नव्याने करण्याचा विचार स्वाभाविक होता. गुजरात सरकारने भूमी अभिलेख आधुनिकीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली उपग्रह आणि टोटल स्टेशनच्या साहाय्याने राज्यभर पुनर्मोजणी हाती घेतली. जामनगरपासून सुरुवात झाली. निकाल जाहीर होऊ लागताच तक्रारींचा ओघ लागला. कुणाचे क्षेत्र घटले, कुणाचे शेत नकाशात शेजाऱ्याच्या जागी गेले, कुठे रस्ता सरकला. दुरुस्तीचे अर्ज घेण्याची मुदत सरकारला वारंवार वाढवावी लागली. जामनगर आणि देवभूमी द्वारका या जिल्ह्यांत तर आधीची पुनर्मोजणी बाजूला ठेवून नव्याने मोजणी करण्याचा निर्णय झाला.

यंत्रे सदोष होती, असा याचा अर्थ नाही. यंत्राला दाखवलेला बिंदू ते अचूक नोंदवते, परंतु तो बिंदू म्हणजेच शेताची हद्द, हे यंत्राला कळत नाही. बांध शेजाऱ्याने दोन फूट आत सरकवला असेल, तर रोव्हर सरकलेला बांधच सेंटीमीटरांच्या अचूकतेने टिपतो. शेतमालक जागेवर नसेल, लगतच्या खातेदारांना नोटीस मिळाली नसेल, जुने टिपण काढून ताडून पाहिले नसेल, तर चूक राहतेच, फक्त ती अधिक अचूक आकड्यांत लिहिली जाते. बारडोलीत आकारणीच्या बाबतीत जे घडले, त्याच जातीचा हा दोष आहे. प्रत्यक्ष तपासणीची आणि संमतीची पायरी वगळली, की साधन कितीही चांगले असले तरी निकालावर लोकांचा विश्वास बसत नाही.

शहरात वाराला किंमत

सुरत शहराची वाढ नगररचना योजनांच्या, म्हणजे टीपी स्कीमच्या आधारे झाली आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही रीत चालत आली असून आज १९७६ चा गुजरात नगररचना व नागरी विकास कायदा तिला लागू आहे. त्यात अनेक मालकांच्या जमिनी एकत्र धरून, रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी काही भाग वगळून, प्रत्येकाला नव्या आकाराचा अंतिम भूखंड दिला जातो. मूळ भूखंडाचे क्षेत्र हाच साऱ्या हिशेबाचा पाया असतो. उताऱ्यावरील क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र यांत फरक निघाला, की त्याचा परिणाम अंतिम भूखंडावर आणि त्याच्या किमतीवर होतो. शेतजमिनीत दोन गुंठ्यांचा फरक एका हंगामाच्या पिकापुरता वाटतो, पण टीपी स्कीममध्ये त्याच २४२ वारांवर एखादे घर उभे राहते.

उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. वारांवर विकत घेतलेला लहान प्लॉट ही अनेकांची आयुष्याची कमाई असते. मंजूर नसलेल्या आखणीतील अशा प्लॉटची स्वतंत्र आकृती महसुली नकाशात नसते. तेथे कोणतेही यंत्र आणले, तरी ताडून पाहण्यास मूळ कागदच नसतो.

गोव्यासाठी बोध

गोव्याचा इतिहास वेगळा आहे. येथे पोर्तुगीज राजवटीमुळे चौरस मीटरचे माप आधीपासून रुळले. मुक्तीनंतर १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार झालेल्या सर्वेक्षणातून एक-चौदाचे उतारे आणि सर्वेक्षण नकाशे तयार झाले. शहरांत चलता नंबर आणि पीटी शीट आहेत. कोमुनिदादच्या जमिनी, जुन्या नोंदणीतील चतुःसीमा आणि सर्वेक्षणातील आकृती यांचा मेळ न बसल्याने उद्भवणारे वाद येथेही आहेत. सुरतेच्या अनुभवातून जमीनमालकाला काही गोष्टी निश्चित शिकता येतात.

मोजणीचा अर्ज करण्यापूर्वी उताऱ्याबरोबर मूळ सर्वेक्षण नकाशाची आणि उपलब्ध असल्यास मूळ मोजमापांची प्रमाणित प्रत काढून घ्यावी. उतारा क्षेत्र सांगतो, पण हद्द कुठून कशी जाते, हे नकाशा आणि मोजमापेच सांगतात. मोजणीच्या दिवशी लगतच्या साऱ्या मालकांना नोटीस पोहोचली आहे ना, याची खात्री करावी आणि स्वतः हजर राहावे. जुने दगड, विहिरी, वाटेचे फाटे, पाणंदी अशा न हलणाऱ्या खुणा भूमापकाला दाखवाव्यात, कारण जुना नकाशा आणि नवे यंत्र यांची सांगड त्या खुणांवरच घातली जाते. मोजणीचा नकाशा कोणत्या संदर्भप्रणालीत आहे, हे विचारून घ्यावे. भारतातील जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोलाभावर बेतलेले आहेत, उपग्रहाची यंत्रे वेगळ्या प्रणालीवर चालतात. दोहोंतील रूपांतर न करता आकडे मिसळल्यास हद्द कित्येक मीटर सरकते. हद्दीच्या खुणा मान्य नसतील, तर जागेवर सही करताना तसे लेखी नोंदवावे आणि ठरलेल्या मुदतीत अपील करावे.

जुन्या पद्धतीजवळ टिपणातील आकडे, हद्दीचे दगड आणि साक्षीला उभे राहिलेले शेजारी होते, तिची अचूकता मात्र मर्यादित होती. नव्या पद्धतीजवळ अचूकता आणि वेग आहे. कागद जुळवून, खुणा पाहून, शेजाऱ्यांना समोर ठेवून मग यंत्र लावले, तर दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र येतात. हा क्रम उलटा झाला, तर मोजणीनंतरचा नकाशा कितीही देखणा दिसो, त्याचा निवाडा अखेर न्यायालयातच होतो.